दार वाजायच्या आधी

मंगळवार, रात्री उशिरा

दुपारी मानखुर्दला एका मुलाच्या घरी जाऊन आले. सतरा वर्षांचा आहे, एका मारामारीच्या केसमध्ये जामिनावर बाहेर आलाय. त्याचं नाव इथे नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने अशा मुलांची ओळख उघड करायला मनाई आहे. कलम नसतं तरी मी लिहिलं नसतं.

आईने चहा ठेवला आणि स्टोव्हजवळूनच बोलायला लागली. "ताई, ह्याचं कायतरी बघा. रातभर जागा असतो. दाराकडं तोंड करून बसतो. मी पाण्याला उठले तरी दचकतो." तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. "मला काय नाय झालं. टेन्शन नाय."

आई कामावर गेल्यावर मी केसबद्दल काहीच विचारलं नाही. केसबद्दल त्याला सगळेच विचारतात. पोलीस, वकील, मामा, शेजारचे. मी विचारलं, लहानपणी झोपायचास कुठे? यावर मात्र तो बोलला. दाराला लागून. बाप दारू पिऊन यायचा, दार उघडायला उशीर झाला की आत आल्यावर आईला मारायचा. म्हणून सात-आठ वर्षांच्या या पोराने एक काम स्वतःकडे घेतलं: गल्लीतली पावलं ओळखायची आणि दार वाजायच्या आधी कडी काढायची. बाप वारून काही वर्षं झाली. मुलगा अजून जागतोय.

ज्या मारामारीत त्याचं नाव आलं, तिच्यात कुणीतरी मागून त्याच्या मानेवर हात टाकला होता. "त्याच्या पुढचं मला नीट आठवत नाय, ताई. खरंच." पुढे चौकीत एकाने मागून खांद्यावर थाप मारली, तर याने हात झटकला. तिथे सगळ्यांचं एकमत झालं की पोरगं माजलंय. शाळेतही आधी तेच म्हणत होते. उद्धट आहे, वर्गात लक्ष नसतं, मागे वळून बघत बसतो.

मागे वळून बघत बसतो, हे तर एखाद्या डॉक्टरच्या कागदावर लिहिलेलं असायला हवं होतं. ते शाळेच्या तक्रारवहीत गेलं.

वर्षानुवर्षं धोक्यात वाढलेल्या मुलाचा मेंदू धोका ओळखायला फार लवकर शिकतो आणि तो संपलाय हे ओळखायला फार उशीर लावतो. घाबरवणारी गोष्ट ओळखणारा मेंदूचा भाग सतत जागा राहतो. 'थांब, विचार कर' म्हणणारा पुढचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशीपर्यंत वेळ लागतो, चांगल्या घरातल्या मुलांचाही. त्यात रात्रीची झोप नाही. ज्याला आठवड्यात एक रात्र सलग झोप मिळत नाही, त्याच्याकडून आपण संयमाची अपेक्षा करतो आणि तो सुटला की त्याला गुन्हेगारी वृत्ती म्हणतो.

शिकागोमध्ये लिंडा टेप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोठडीत आणलेल्या १,८२९ मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या होत्या. २००२ साली निष्कर्ष आले: जवळजवळ दोन तृतीयांश मुलं आणि जवळजवळ तीन चतुर्थांश मुली कुठल्या ना कुठल्या मानसिक विकाराच्या निकषांत बसत होत्या. २००४ साली त्याच अभ्यासातल्या एका गटाबद्दल आणखी आलं, की नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी आयुष्यात किमान एक तरी मोठा आघात सोसला होता. ते आकडे तिकडचे आहेत, मी ते मुंबईला चिकटवणार नाही. पण माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांमध्ये असा एखादा आठवायचा म्हटला, ज्याच्या लहानपणात घाबरण्यासारखं काहीच घडलं नव्हतं, तर मला आठवत नाही.

बुधवार

आज डोंगरीला काम होतं. सँडहर्स्ट रोडला उतरून उमरखाडीपर्यंत चालत गेले. केस चालू असलेल्या मुलांना ठेवतात ते हे आवार म्हणजे जुना डोंगरीचा तुरुंग. १८८२ साली टिळक आणि आगरकर इथे १०१ दिवस होते. पुढे १९२४ चा मुंबईचा मुलांचा कायदा आला, १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि तुरुंगाच्या जागी मुलं आली. मुलांना मोठ्यांच्या तुरुंगात टाकायचं नाही, हा विचार या शहराला शंभर वर्षांपूर्वी सुचला होता, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तरी वस्तीत अजून कुणी मुलांचं घर म्हणत नाही. 'डोंगरीला जाऊन आलाय' एवढं म्हणतात, आणि पोरीच्या बापाला, दुकानाच्या मालकाला तेवढं पुरतं.

बाहेर बाकावर दोन आया बसल्या होत्या. एकीने विचारलं, "मॅडम, ते डोक्याचं तपासतात म्हणे, त्यात नापास झाला तर मोठ्यांच्या कोर्टात पाठवतात का?"

तिचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या १५व्या कलमाप्रमाणे, सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्याचा, म्हणजे किमान सात वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा, आरोप असेल तर अशा मुलांच्या केस ऐकणारं बाल न्याय मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करतं. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती, हे पाहतात. त्यावरून प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं आणि तिथे त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंडळावर बालमानसशास्त्र किंवा मानसोपचाराची पदवी असलेला सदस्य नसेल, तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागेल. चांगलं झालं. त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं की हे काम नाजूक आहे.

नाजूक आहेच. अनोळखी खोलीत, अनोळखी माणसासमोर एक-दोन बैठकांत मूल काय सांगणार? ज्याला आयुष्यभर खरं बोलल्यावर मार मिळालाय, तो तिथे 'हो' आणि 'नाय' एवढंच बोलतो. मग अहवालात येतं: शांत, प्रश्न समजतात, पश्चात्ताप दिसत नाही. सुन्न झालेलं मूल आणि निर्ढावलेलं मूल वरवर सारखंच दिसतं. त्यांच्यातला फरक कळायला त्याच्याजवळ अनेकदा जाऊन बसावं लागतं, आणि तेही केसबद्दल एक शब्द न काढता. मला या कलमाचा सगळ्यात मोठा राग कशाचा असेल, तर याचा: मुलाच्या मनाकडे आपण बघायला लागलो ते त्याला किती शिक्षा द्यायची हे ठरवायची वेळ आल्यावर.

पुण्याच्या पोर्शे अपघातानंतर, २०२४ मध्ये, गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला जामिनाची अट म्हणून सांगितलेल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर सगळा महाराष्ट्र संतापला. दोन तरुण जीव गेले होते, संताप साहजिक होता. पण त्या दिवसांत ट्रेनमध्ये, घरी, सगळीकडे एकच ऐकू येत होतं की ही पोरं कायद्याच्या आडून सुटतात. माझ्याकडची पोरं कुणाच्या आडून सुटत नाहीत. कित्येकदा जामीन मिळूनही घ्यायला यायला कुणी मोकळं नसतं, कारण खाडा केला तर आईचं काम सुटतं.

ब्लेडबद्दलही लिहून ठेवते. मुंबईत उकाडा असतानाही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा मुलगा दिसला की मी सावध होते. हातावर वार केलेले असतात. मोठी माणसं म्हणतात, नाटक आहे, धमकी देतोय, प्रेमप्रकरण असेल. एकाने मला सांगितलं होतं, "कापलं की डोक्यातला आवाज बंद होतो." सोल्युशन (चिकटवायचं द्रव्य) हुंगणारे आणि बटन, म्हणजे नशेच्या गोळ्या, खाणारेही थोड्याफार फरकाने हेच सांगतात. मजेसाठी सुरू केलेलेही असतात, नाही असं नाही. पण ज्याला झोप येण्यासाठी गोळी लागते, त्याला नुसतं 'नशा सोड' म्हणून भागत नाही. त्या जागी काय देणार, याचं उत्तर आपल्याकडे हवं.

मुलींबद्दल फार कमी बोललं जातं, कारण त्या संख्येने कमी. त्यांच्या गोष्टी मी इथे लिहू शकत नाही.

शुक्रवार

मानखुर्दच्या आईशी फोनवर बोलले. तिच्या मोबाईलमध्ये टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मी परवाच टाकून दिला होता. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. काल रात्री तिने लावला. मुलासाठी लावला आणि अर्धा वेळ स्वतःबद्दलच बोलली म्हणे. मला फार बरं वाटलं. त्या घरात मार तिनेही खाल्लाय, आणि तिला आजवर कुणी विचारलेलं नाही.

पालिकेच्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात मुलाला घेऊन जायचंय. तो तयार नव्हता, "मी काय येडा आहे का?" म्हणाला. मी त्याला कडीची गोष्ट पुन्हा सांगितली, त्याचीच. म्हटलं, तू आईला वाचवायला जे शिकलास ते शहाणपणाचं होतं. आता त्याची गरज उरली नाही हे तुझ्या अंगाला अजून कळलेलं नाही, ते कळायला मदत लागते, एवढंच. बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "गोळी देतील का?" मी म्हटलं, गरज असेल तर देतील, आधी बोलतील. "सकाळचा नंबर घ्या मग, दुपारी मी कामावर असतो." एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने त्याला ठेवून घेतलंय, केस माहीत असूनही. गॅरेजमध्ये हातोड्याचे आवाज होतात, तर मालक हातोडा मारायच्या आधी हाक मारतो. हे मालकाला कुणी शिकवलं नव्हतं.

परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांना मंडळापुढे द्यायच्या सामाजिक तपासणी अहवालासाठी माझं टिपण हवंय. अहवालात घर, शाळा, सवयी, संगत, झालेला छळ असे रकाने असतात. मी त्यात सलग लिहिणार आहे: वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून रात्री जागरण, मागून स्पर्श झाल्यास भीतीची तीव्र प्रतिक्रिया, घटनेची स्मृती तुटक, आजवर कुठलाही उपचार नाही. खाली आईचं म्हणणं तिच्याच शब्दांत. वकिलांनाही प्रत देईन. आणि पुढच्या तारखेला मंडळासमोर विनंती करीन की उपचाराच्या दिवशी त्याला हजेरी लावायला बोलावू नये, आणि बोलवायला कुणी घरी जाणार असेल तर कायद्याने सांगितल्याप्रमाणे साध्या कपड्यांत जावं, दिवसा जावं, दाराबाहेरून नावाने हाक मारावी.