क्लच असलेली हायब्रिड

गाडी घेतली असं कळवल्यावर बाबांचा पहिला प्रश्न "ॲव्हरेज किती देते?" हाच येणार, हे मला माहीत होतं. तसा तो आलाच. "अठरा," म्हटलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "हायब्रिड ना रे? मग अठराच?"

बाबांचं चुकत नाही. मी घेतलेली होंडा सीआर-झेड ही गाडी तशी कुणालाच नीट पटलेली नाही. २०१० च्या फेब्रुवारीत ती जपानमध्ये आली आणि २०१६ च्या अखेरीस बंद झाली. स्पोर्ट्स कारवाल्यांना ती मवाळ वाटली, ॲव्हरेजवाल्यांना खादाड. पण हायब्रिड असून तिला सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स मिळायचा, आणि माझा जीव तिथंच अडकला. मी गाडी शिकलो ती काकांच्या मारुती ८०० वर, कऱ्हाडहून चिपळूणला उतरताना कुंभार्ली घाटात. घाटात डावा पाय रिकामा ठेवून बसणं मला जमत नाही.

आता मी राहतो जपानमधल्या हामामात्सुमध्ये. सुझुकीचं मुख्यालय इथलंच, त्यामुळे रस्त्यावर छोट्या सुझुकी गाड्यांचा सुळसुळाट. पण होंडा कंपनीही १९४८ साली याच गावात सुरू झाली, आणि तिचे संस्थापक सोइचिरो होंडा जन्मले ते इथून जवळच, तेनर्यू भागात. ऑफिसातल्या सुझुकीप्रेमी मंडळींना मी एवढंच सांगतो की गावाबाहेर गेलेलो नाही.

आधी लायसन्सचं सांगतो, कारण तिथंच बरेच जण गळपटतात. भारतातून आणलेलं इंटरनॅशनल परमिट वर्षभर चालतं. नंतर जपानी लायसन्स करून घ्यावं लागतं, आणि आपल्याला प्रत्यक्ष परीक्षेची माफी नाही. मी लेखी दिली तेव्हा १० प्रश्न होते. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ५० झालेत. प्रत्यक्ष परीक्षेत मी दोनदा नापास. गाडी उत्तम चालवली, पण डावीकडे वळण्याआधी मान फिरवून खांद्यामागे बघितलं नाही. इथं नुसतं बघून भागत नाही, बघितलेलं परीक्षकाला दिसावं लागतं. इथले बरेच लोक फक्त ऑटोमॅटिकचं लायसन्स काढतात. मॅन्युअल चालवतो म्हटलं की ऑफिसातली पोरं मी बैलगाडी हाकत असल्यासारखं बघतात.

पहिली सीआर-झेड बघितली ती शहराबाहेरच्या एका डीलरकडे. २०१० ची, काळी, आतून चकाचक. इथं ऑनलाइन जाहिरातीत 'शुफुकुरेकी' अशी एक नोंद असते, म्हणजे गाडीचा सांगाडा कधी दुरुस्त झालाय का ते. इथं तीही 'नाही' होती. मी म्हटलं, जरा टेकडीवर नेऊ या. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये एक चपटी मोटर बसवलेली असते. ती एकटी गाडी ओढत नाही, इंजिनाला मागून ढकलते आणि ब्रेक लावला की बॅटरी भरते. चढाला लागलो तेव्हा बॅटरीच्या मीटरवर पाच-सहा कांड्या होत्या. दुसऱ्याच वळणावर एक उरली. हळूहळू नाही, खटकन, आणि त्याबरोबर पिकअपही गेला. विक्रेता नम्रपणे म्हणाला, आज थंडी आहे ना. थंडी होतीच, पण कांड्या अशा एकदम पडायला लागल्या की बॅटरी म्हातारी झाली असं समजावं. मीही तितक्याच नम्रपणे वाकून बाहेर पडलो.

म्हणून शोध बदलला. २०१२ च्या सप्टेंबरात या गाडीत सुधारणा झाली. निकेलची बॅटरी जाऊन लिथियम-आयन आली, मोटर १४ ऐवजी २० हॉर्सपॉवरची झाली, आणि स्टिअरिंगवर 'एस प्लस' नावाचं एक बटण आलं. ते दाबलं की मोटर काही सेकंद सगळा जोर लावते. मला मिळाली ती त्या सुधारणेनंतरची, पांढरी, ९२ हजार किलोमीटर पडलेली. सगळं धरून ६ लाख ८० हजार येन, म्हणजे साधारण चार लाख रुपये. जाहिरातीत असं 'सगळं धरून' किंमत लिहिणं २०२३ च्या ऑक्टोबरपासून बंधनकारक झालंय, नाहीतर पूर्वी गाडी स्वस्त आणि कागद महाग असा प्रकार चालायचा.

कागदांवरून आठवलं. गाडी नावावर व्हायच्या आधी ती लावणार कुठं, हे पोलिसांना दाखवावं लागतं. घरापासून २ किलोमीटरच्या आत जागा हवी, जागामालकाचं संमतिपत्र हवं, आणि हातानं काढलेला नकाशा मापांसकट. मी टेप घेऊन पार्किंगमध्ये ओणवा झालेलो बघून शेजारच्या आजीबाई मदतीला आल्या आणि टेपचं दुसरं टोक धरून उभ्या राहिल्या. पुण्यात हा नियम लागू झाला तर काय होईल, याची कल्पना करत मी तो नकाशा पूर्ण केला.

खर्चाचं म्हणाल तर दर दोन वर्षांनी 'शाकेन' असतं. म्हणजे आपलं पासिंग, पण खरोखरचं. टायर, दिवे, ब्रेक, धूर सगळं तपासतात, आणि विमा-कर धरून लाखभर येन सहज जातात. वर्षाचा कर वेगळा, दीड लिटरच्या या इंजिनाला ३४,५०० येन. पेट्रोल गाडीला १३ वर्षं झाली की हा कर साधारण १५ टक्क्यांनी वाढतो, हायब्रिडला वाढत नाही. बाबांना हे सांगितल्यावर ते अठराचं दुःख जरा विसरले.

चालवायला कशी आहे? स्पोर्ट मोडवर मीटरभोवतीचं कडं लाल होतं, स्टिअरिंग जड होतं, आणि गिअरची दांडी छोट्या अंतरात टक्‌टक् बसते. तेनर्यू नदीच्या काठाकाठानं डोंगरात जाणाऱ्या रस्त्यावर दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा करत गेलो की कुंभार्लीची आठवण येते, फक्त समोरून एसटी येत नाही. सिग्नलला न्यूट्रल करून ब्रेकवर पाय ठेवला की इंजिन बंद पडतं. पहिल्या आठवड्यात दरवेळी वाटायचं, आपणच बंद पाडली. क्लच दाबून गिअर टाकला की आवाज न करता जागी होते. मागची काच मात्र दोन तुकड्यांची, मध्ये आडवी पट्टी, आणि मागच्या गाडीचा चालक नेमका त्या पट्टीआड असतो.

मागची सीट आहे, म्हणजे कागदोपत्री आहे. बायकोनं पहिल्याच दिवशी मागे वाकून बघितलं आणि म्हणाली, "भाजीची पिशवी बसेल, पण मेथी मोडेल."

आई-बाबा एप्रिलमध्ये येताहेत. चौघांसाठी मोठी गाडी भाड्यानं ठरवून ठेवलीय. बाबांना एक दिवस एकट्यालाच हिच्यातून फुतामाताला नेईन म्हणतो, होंडांचं संग्रहालय आहे तिथं. आईनं आत्ताच सांगून टाकलंय की तिला ट्रेन फार आवडते.