मुलींचे आरोग्य आणि बोलण्याचा सराव

मुलींच्या सक्षमीकरणाचा विषय निघाला की स्वप्ने, आत्मविश्वास, उंच भरारी हे शब्द फार लवकर येतात. मुंबईतील पालिकेच्या एका शाळेत सातवी-आठवीच्या मुलींसाठी आरोग्य आणि जीवनकौशल्यांचे तास घेताना मला मात्र वाटू लागले आहे की, या कामाची सुरुवात हिमोग्लोबिनपासूनच व्हायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातील 15 ते 19 या वयोगटातील सुमारे 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, आणि आमच्या मुली त्याच वयाच्या उंबरठ्यावर आहेत. दोन जिने चढल्यावर जिला धाप लागते आणि दुसऱ्या तासालाच पेंग येते, तिच्या वहीवर बहुधा ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढाच शेरा पडतो.

यावर सरकारी योजनेत आठवड्यातून एक निळी गोळी आहे. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. गोळी शाळेपर्यंत पोहोचते, पण पोटात जातेच असे नाही. बऱ्याच जणी ती दप्तरात ठेवतात. ‘ताई, गोळी घेतली की शी काळी का होते?’ अशी चिठ्ठी प्रश्नपेटीत निघाली, तेव्हा वर्गात हशा पिकला. पण त्या भीतीमुळेच कित्येकींनी गोळी सोडली होती. शरीरात न शोषले गेलेले लोह बाहेर पडते म्हणून तसे होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही, आणि उपाशीपोटी घेतल्याने होणारी मळमळ जेवणानंतर गोळी घेतल्यास कमी होते, एवढे कोणी नीट सांगितलेच नव्हते. सकाळी चहा-चपाती खाऊन घर सोडणाऱ्या मुलींना जेवणाबरोबरचा चहा लोहाच्या आड येतो आणि उसळीवर पिळलेले लिंबू ते शोषायला मदत करते, हेही नवे होते. पाळी सुरू झाल्यावर तर लोहाची गरज वाढते.

मात्र माहिती मिळाली म्हणून ताटात फरक पडत नाही, कारण घरातले अंडे किंवा माशाची मोठी तुकडी कोणाच्या वाट्याला जाते हे आधीच ठरलेले असते. म्हणून आम्ही तोच प्रसंग वर्गात उभा केला. ‘आई, मला पण अंडं पाहिजे,’ हे वाक्य पहिल्या मुलीने इतके पुटपुटत म्हटले की, आई झालेल्या मैत्रिणीने ‘भाऊ वाढत्या वयाचा आहे’ म्हणून तिला तिथेच गप्प केले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मग मी काय म्हातारी झाले?’ पुढचा अर्धा तास ‘अर्धं-अर्धं करूया’ इथपर्यंत येण्यात गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा जीवनकौशल्यांमध्ये परिणामकारक संवाद आणि निर्णयक्षमता आहेत. ती तक्त्यावर रंगवून भिंतीला लावण्याची आपल्याकडे फार हौस, पण या अर्ध्या तासाची सर त्या तक्त्यांना नाही.

हाच सराव पुढे स्वच्छतागृहासाठी उपयोगी पडला. दाराला कडी नाही म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नव्हत्या, आणि अशाने लघवीच्या जंतुसंसर्गाला आमंत्रणच मिळते. त्यांनी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला: कडी, बादली आणि वापरलेल्या पॅडसाठी झाकणाचा डबा. कडी बसली, बादली आली; डब्यासाठी पाठपुरावा सुरू आहे. नकोसा स्पर्श झाला तर कोणाला सांगायचे आणि 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करून काय बोलायचे, याचाही त्यांनी असाच मोठ्याने सराव केला, कारण असे प्रसंग आले की नेमका आवाजच फुटत नाही.

पालकसभेला आतापर्यंत आयाच येत आल्या आहेत. घरात कोणासाठी काय आणायचे हे अनेकदा वडील ठरवतात, तेव्हा हे त्यांच्याही कानावर जायला हवे. सकाळी अकराला सभा ठेवली तर कामावरची माणसे येणार नाहीत, म्हणून पुढची सभा रविवारी संध्याकाळी घ्यावी, असे मी शाळेला सुचवले आहे.