बिनपगारी सूत

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा निरोप आला. त्यात एक सूचनाही होती : 'शाळेने आपल्याला काय दिले यावर भर असावा.' शिस्त, संस्कार आणि गणिताच्या सरांची छडी यांवर इतर जण लिहितीलच. मला शाळेनं हातानं सूत कातायची टकळी दिली आणि विणायच्या सुया दिल्या. दोन्ही आजही रोज हातात असतात. गणिताचं तसं म्हणता येणार नाही.

मी १९७६ च्या दहावीचा. पुढे रेल्वेत लागलो आणि नोकरीतली बहुतेक वर्षं मालगाडीचा गार्ड म्हणून दौंड ते वाडी या टापूत काढली. (२०२२ पासून या पदाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. मी त्याआधीच सुटलो, त्यामुळे गार्डच राहिलो.) निवृत्त माणसाचा छंद म्हणून लोक माझ्या विणकामाकडे कौतुकानं बघतात. पण हे निवृत्तीनंतर सुरू झालेलं नाही. ते आठवीतलं आहे, आणि ज्या गावात ते सुरू झालं ते गाव लक्षात घेतल्याशिवाय त्यातली गंमत कळायची नाही.

आपलं सोलापूर सुतावर वाढलं. जुनी मिल १८७७ ला सुरू झाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. भोंगा झाला की घरोघरी चूल पेटायची. पूर्व भागात गल्लीगल्लीत मागाचा खटखटाट, चादरी आणि टॉवेल. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या मिरवणुकीत चालत्या गाडीवर माग ठेवून कापड विणत नेतात. आमच्या वर्गात कुणाचे वडील साचेखात्यात, कुणाचे यंत्रमागावर. आया कांड्या भरायच्या नाहीतर विड्या वळायच्या. अशा पोरांना सूत म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको होतं. सूत म्हणजे पाळी, हजेरी, पगाराचा दिवस, आणि संपाच्या महिन्यात वाण्याकडची उधारी. घरातलं कुणीही सुताला हात लावायचं ते पैशासाठीच.

आणि अशा शाळेत हस्तव्यवसायाचे सर आमच्या हातात टकळी द्यायचे आणि म्हणायचे, काता.

१९३७ मध्ये वर्ध्याला जी शिक्षण परिषद भरली, तिथून हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार शाळांत आला. आमच्यापर्यंत त्याचं उरलंसुरलं रूप पोचलं होतं, आठवड्याला दोन तास. पुढे कोठारी शिक्षण आयोगानंतर वेळापत्रकातलं नाव बदलून 'कार्यानुभव' झालं. टकळ्या मात्र त्याच राहिल्या. सर स्वतः १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावला तेव्हा लहान होते. झेंडा हातात धरला म्हणून माणसं आत गेलेली त्यांनी पाहिली होती, आणि त्या झेंड्यावर मधोमध चरखा होता. एवढं पाठीशी असून सरांनी टकळीच्या तासाला कधी भाषण दिलं नाही. कुणी 'सर, यानं स्वराज्य कसं मिळालं?' असं विचारलं की म्हणायचे, 'बोलू नको, पीळ बघ.'

पीळ बघणं हीच सगळी विद्या. टकळी म्हणजे पितळेची चकती आणि त्यातून गेलेली लोखंडी तार, वर छोटा आकडा. डाव्या हातात पेळू, म्हणजे पिंजून वळलेल्या कापसाची बोटाएवढी वळकटी. उजव्या हातानं टकळीला गरका द्यायचा. आपल्याकडच्या कापसाचा तंतू आखूड, इंचभराच्या आतबाहेरचा. त्यामुळे अधांतरी सोडलेली जड टकळी त्याला पेलत नाही, खालून आधार लागतो. म्हणून प्रत्येकानं घरून एक बशी आणायची आणि टकळी बशीत फिरवायची. पीळ कमी पडला तर तंतू निसटून धागा सुटतो. जास्त झाला तर धागा स्वतःभोवती वळून गाठी पडतात आणि पेळूतून नवा तंतू यायचं बंद होतं. या दोन्हींच्या मध्ये एक जागा असते. तिथे बोटांना कळतं की आता हात मागे न्यायचा. मग पेळूतून धागा आपसूक निघत जातो, हात खांद्याच्या वर जातो. ते पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मधली सुट्टी होऊनही मी बाकावरून उठलो नव्हतो. चाळीस बशांच्या किणकिणाटानं शेजारच्या वर्गातले इंग्रजीचे सर वैतागायचे, ते वेगळं.

वडील गिरणीत रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात होते. तुटलेले धागे सांधत साच्याच्या कडेनं पाळीभर चालायचं, हे त्यांचं काम. हजारो चात्या (सूत कातायचे चाते) एकदम फिरणाऱ्या खात्यातून आलेल्या माणसाला मी माझी एक टकळी दाखवली. त्यांनी सूत अंगठा आणि तर्जनीत धरून ओढून पाहिलं आणि म्हणाले, 'बारा नंबर. मधे मधे आठ.' गिरणीचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात त्याचा आकडा. सूत जितकं बारीक तितका नंबर मोठा. म्हणजे माझं सूत जाड होतं आणि एकसारखंही नव्हतं, हे त्यांनी पाच शब्दांत सांगितलं. मग विचारलं, 'याला पगार किती?'

नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला. पण धागा कसा सांधायचा ते त्यांनीच शिकवलं. तुटलेल्या टोकाचा पीळ थोडा उलगडायचा, ते पिसासारखं झालं की पेळूच्या तंतूंवर ठेवायचं आणि पुन्हा पीळ द्यायचा. गाठ मारायची नाही. सर गाठ चालवून घ्यायचे, वडील नाही.

सुयांची गोष्ट वेगळी. शिवण-विणकाम मुलींना, टकळी आणि बागकाम मुलांना, अशी वाटणी होती. एका पावसाळ्यात सर रजेवर गेले आणि आम्हा मुलांना शिवणाच्या बाईंच्या वर्गात नेऊन बसवलं. बाईंना रिकामे हात खपत नसत. त्यांनी सायकलच्या तारा आणायला सांगितल्या. टोकं फरशीवर घासून गोल केली की सुया तयार. लोकर कुणाच्या तरी उसवलेल्या स्वेटरची. वीस टाके घाला, एक सुई सुलट, एक सुई उलट. आधी हसाहशी झाली. 'काय बे, लगीन ठरलं का तुझं?' वगैरे. पण पोरं मागवाल्यांची होती, बोटं तयार होती. पंधरवड्यात अर्धा वर्ग दोन सुलट दोन उलटची पट्टी विणत होता आणि ती ओढून बघत होता, कारण कापड असं रबरासारखं ताणतं हे आम्हाला नवीन होतं. मागावर ताणा म्हणजे उभे धागे वेगळे, बाणा म्हणजे आडवे धागे वेगळे. इथे एकच धागा स्वतःच्याच फासांतून जात राहतो. म्हणून ते ताणतं, आणि म्हणूनच एक टोक ओढलं की सगळं उसवून धागा अख्खाच्या अख्खा परत मिळतो. चादर फाटली की फाटली. स्वेटर लहान झाला की उसवायचा, लोकरीची लडी भिजवून खाली वजन लावून वाळत टाकायची की तिचे वळसे जातात, आणि पुन्हा टाके घालायचे. माझ्या थोरल्या मुलाच्या निळ्या स्वेटरची लोकर अशीच धाकटीच्या अंगावर गेली, आणि आता नातवाच्या कानटोपीत आहे.

सोलापुरात स्वेटर कशाला, हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे लोकर अंगावर सोसते ती फार तर दिवाळी ते संक्रांतीची गड्डा जत्रा एवढेच दिवस, तीही सकाळी. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसकडे जातो तेव्हा मांडीवर लोकरीचा गोळा ठेवून बसणाऱ्याकडे लोक संशयानं बघणारच. म्हणून उन्हाळ्यात मी सुती विणतो. चादरीच्या कारखान्यातलं उरलेलं रंगीत सूत किलोवर मिळतं, त्याची भांडी पुसायची फडकी, बाजाराच्या पिशव्या, अंग घासायचे हातमोजे. सूत लोकरीसारखं ताणत नाही. टाके घट्ट घातले तर बोटं दुखतात, सैल घातले तर पिशवी बटाट्यांच्या वजनानं गुडघ्यापर्यंत लोंबते. मी एक नंबर बारीक सुई घेतो आणि हात सैल ठेवतो.

नोकरीत विणकामाची जागा म्हणजे रनिंग रूम. गाडी वाडीला सोडली की परतीची गाडी मिळेपर्यंत तिथे थांबायचं. कधी रात्रभर, कधी त्याहून जास्त. बाकीचे झोपायचे किंवा पत्ते मांडायचे. मी खाटेवर बसून सुया काढायचो. सुरुवातीला 'काय गार्डसाहेब, बाळंतविडा का?' असं चाललं. पुढे तेच लोक हळूच येऊन 'मुलीला दिवस गेलेत, एक टोपडं होईल का?' असं विचारायला लागले. एका तेलुगू ड्रायव्हरनं तर खाटेवर बसून शिकून घेतलं. माझ्यापेक्षा त्याचे टाके एकसारखे यायचे आणि तो ते बोलूनही दाखवायचा.

लोकर कातायला लागलो ते बऱ्याच उशिरा, मंगळवेढ्याच्या बाजूला एका धनगर म्हाताऱ्याला मेंढरांमागं चालता चालता कातताना पाहिलं तेव्हा. बशी नाही, बैठक नाही. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि काळी, पण तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात. त्यामुळे चाती हवेत लोंबत ठेवली तरी धागा तुटत नाही. मेंढरं वर्षातून दोनदा कातरतात. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, ती मऊ, तिच्या घोंगडीला मान. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी ताठ उभी राहते. आता घोंगडीला गिऱ्हाईक कमी झालं, तर पुष्कळ ठिकाणी कातरलेली लोकर टाकून देतात. मला ती पोतंभर मिळाली ती जवळजवळ फुकट. धुतल्यावर पोत्याचं वजन किती घटलं ते सांगत नाही. घरात आठवडाभर मेंढवाड्याचा वास होता, एवढं पुरे. बायकोनं तेव्हा जे ऐकवलं ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही.

त्या लोकरीचा स्वेटर होत नाही, अंगाला टोचतो. पण आसनं आणि चपलेतले तळवे उत्तम होतात. मात्र एकेरी धागा तसाच विणला तर विणलेलं कापड एका अंगाला तिरकं जातं, कारण सगळा पीळ एकाच दिशेचा. दोन धागे घेऊन उलट दिशेनं एकत्र पिळले की ते एकमेकांचा जोर खातात आणि कापड सरळ राहतं. हे मला कुणी शिकवलं नाही, तिरक्या आसनानंच शिकवलं.

आजचा माझा दिवस सांगायचा तर सकाळी चहानंतर टकळी, फार तर अर्धा तास. दुपारी जेवून पेपर वाचला की सुया. बँकेत, दवाखान्यात, लग्नात मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत, पिशवीत काहीतरी असतंच. तासाभरात टकळीवर शंभर-सव्वाशे मीटर सूत निघालं तर हात चांगला बसला म्हणायचं. गिरणीच्या हिशेबात ते शून्यच. १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं आणि ते कुणालाच मिळालं नाही. पुढे एकांबरनाथांचा अनेक चात्यांचा अंबर चरखा आला. हातसुतानं माणसाचं पोट भरावं ही त्या सगळ्या धडपडीमागची इच्छा मला समजते, पण मी तो दावा करत नाही. मला सूत गोड लागतं, कारण माझा पगार दुसरीकडून आला.

हे मला वडिलांमुळे कळलं. त्यांची गिरणी बंद पडली, देणी अडकली, आणि ते घरी बसले. मी टकळी पुढे केली. म्हटलं, हात चालू राहील. ते म्हणाले, 'मी सूत फुकट काढत नाही.' शेवटपर्यंत काढलं नाही. त्यांचं बरोबर होतं असंच मला वाटतं. ज्यानं सुतावर संसार केला त्याला त्याचा विरंगुळा करा म्हणणं हा आगाऊपणाच. मात्र माझ्या सुतात कुठे गाठ दिसली की ते बोलावून घ्यायचे, तेवढी तोडून पुन्हा सांधून द्यायचे, आणि परत खिडकीशी जाऊन बसायचे.

तेव्हा शाळेनं काय दिलं याचं माझं उत्तर एवढंच. ज्या गावात सुताचा प्रत्येक वार मोजून त्याचे पैसे व्हायचे, तिथे आठवड्याचे दोन तास आम्हाला न मोजता सूत काढू दिलं. सरांनी आमच्या सुताच्या गुंड्या कधी वजन केल्या नाहीत. ते पुढे त्यांचं काय करायचे, आम्हाला माहीत नव्हतं आणि आम्ही विचारलंही नाही.

सध्याच्या मुख्याध्यापिकाबाईंनी शनिवारचा एक तास देऊ केला आहे. जुन्या टकळ्या शाळेच्या कपाटात सापडल्या नाहीत. पूर्वी कुणीतरी मोडीत घातल्या असाव्यात. आपल्यापैकी कुणाच्या घरी ट्रंकेत, देवघरात एखादी पडली असेल, तर कार्यालयात आणून द्यावी. तार वाकडी असली तरी चालेल, मी सरळ करून घेईन. चकती शक्यतो पितळेची. पेळूंची व्यवस्था झाली आहे. वर्ग सातवी-आठवीचा, मुलं आणि मुली एकत्रच बसतील, दोघांनाही टकळी आणि दोघांनाही सुया. इंग्रजीचा वर्ग यंदा वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे तीही अडचण नाही.