ढोम्याची गाभोळी आणि माझा प्रबंध

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी ढोमा मासा निवडला, कारण वाशीच्या आमच्या घरी तो आठवड्याला येतोच. शिवाय २००३ साली टेक्सासमध्ये पीटर थॉमस यांच्या गटाने पेशीपटलावरचा प्रोजेस्टिन रिसेप्टर (प्रोजेस्टिन या स्टेरॉइड संप्रेरकाचा संदेश पकडणारं प्रथिन) ज्या माशात शोधला, तो स्पॉटेड सीट्राउट नावाने ट्राउट असला तरी ढोम्या-घोळीच्याच कुळातला.

आम्ही शिकलो होतो ते असं, की स्टेरॉइड पेशीत शिरतं, केंद्रकात जातं आणि जनुकं चालू करतं. माशाचं अंडं पिकतं तेव्हा मात्र संदेश बाहेरच्या पटलावरच पकडला जातो. आत सीएएमपी हा निरोप्या रेणू घटतो, अडलेलं विभाजन सुटतं, केंद्रक कडेला सरकून विरतं. हे डोळ्यांनी बघायचं, एवढीच माझी हौस.

पहिली गाभोळी बाजारातून आणली. गाइड सर भिंगातून बघून म्हणाले, "बर्फातल्या गाभोळीचं कालवण होतं, प्रयोग नाही." मग पहाटे बेलापूरच्या दिवाळे गावात बोटीची वाट बघणं सुरू झालं. तिथली मावशी रोज हसायची. "गो पोरी, गाभोली तलायची सोरून काचेत घालतेस?" थर्मासमध्ये गाभोळीचे तुकडे, रिक्षा, प्रयोगशाळा.

ताज्या गाभोळीवर प्रोजेस्टिन घातलं, रात्रभर ठेवलं. काही नाही. दहा दिवस हेच. मी बाटलीवर संशय घेतला, पाण्यावर घेतला, स्वतःवर तर घेतलाच.

चूक वेगळीच होती. बीज, म्हणजे गाभोळीतलं अंडं, आधी 'तयार' व्हावं लागतं. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या एलएच संप्रेरकाने पटलावरचे रिसेप्टर वाढतात, त्यानंतरच प्रोजेस्टिनची हाक ऐकू येते. मी पहिली पायरीच गाळली होती! एलएचच्या जागी गरोदर बाईच्या लघवीतून काढलेलं एचसीजी हे संप्रेरक चालतं. (हे आईला सांगितल्यावर तिने आठवडाभर ढोमा आणला नाही.) आधी एचसीजीमध्ये ठेवलं, मग धुऊन प्रोजेस्टिन. त्या रात्री साडेअकराला बीजांचा मधला गढूळपणा कमी होत ती काचेसारखी दिसू लागली. फिक्सेटिव्हमध्ये (पेशी आहे तशी टिकवणाऱ्या द्रावणात) टाकून पाहिलं तर बहुतेकांत केंद्रक शिल्लकच नव्हतं.

सरांनी लगेच विचारलं, "जनुकांमार्फत झालं नाही, हे कशावरून?" म्हणून आणखी एका बशीत एचसीजीनंतर, प्रोजेस्टिनच्या टप्प्यावर अॅक्टिनोमायसिन घातलं. त्याने आरएनए बनणं बंद होतं, म्हणजे जनुकांचा निरोप निघतच नाही. तीही बीजं पिकली. मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मैत्रिणीला मोजायला लावलं.

पुन्हा एकदा करून बघायचं होतं. पण तो ३१ मे होता, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन महिन्यांची मासेमारी बंदी.