तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या गॅरेजात गाडी वर उचलायच्या दोनच लिफ्टवर इतक्या गाड्या कशा निघतात?

लग्नाकार्यात भेटणारे नातेवाईक, देवास नाक्याकडचे ओळखीचे गॅरेजवाले, कधी गाडी न्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा मला हेच विचारतं: "वहिनी, लिफ्ट दोन, पोरं पाच, सासऱ्यांच्या वेळी होती तेवढीच. मग आता गाड्या वेळेवर कशा जातात?" मी एखाद्या मशीनचं नाव सांगेन असं बहुतेकांना वाटतं.

मशीन काहीच घेतलं नाही. आत घ्यायच्या गाड्या कमी केल्या.

सासरे आजारी पडले तेव्हा मी इंदूरच्या या गॅरेजात हिशेब बघायला म्हणून बसू लागले. आवारात कायम अठराएक गाड्या उभ्या असायच्या. धंदा जोरात आहे, असंच सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे. पण बाहेर रोज तीनच पडत. अठरा भागिले तीन, म्हणजे एक गाडी सरासरी सहा दिवस आमच्याकडे. जॉन लिटल नावाच्या अभ्यासकानं १९६१ साली हे रांगेचं गणित सिद्ध केलं, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा कानावर फक्त फोन यायचे: "झाली का हो गाडी?" आणि प्रत्येक फोनला कुणीतरी हातातलं काम टाकून बघायला जायचं.

एका सकाळी मी वही घेऊन लिफ्टपाशी स्टूल टाकून बसले. पुढचे ब्रेक पॅड बदलायचं काम होतं. पोरानं चाकं काढली, मग पॅड आणायला स्टोअरमध्ये गेला. पॅड मिळाले, पण कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन मागे दाबायचं हत्यार दुसऱ्या गाडीखाली होतं. ते आणलं, तोवर डिस्कही घासलेली दिसली, म्हणून गाडीच्या मालकांना फोन. त्यांनी उचलला नाही. सगळं मिळून एक तास दहा मिनिटं गेली आणि त्यातली जेमतेम पंचवीस मिनिटं पोराचे हात गाडीला लागलेले होते. तो मुलगा कामाचा चोख आहे. त्याला मी आजवर "लवकर आटप" म्हणत होते याचं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी कारखान्यात काय काय वाया जातं त्याचे सात प्रकार सांगितले, त्यात वाट बघणं आणि उगाचची हालचाल हे दोन आहेत. आमच्याकडे दिवसाचे दिवस या दोघांतच जात होते.

खरा धडा मात्र क्लचच्या कामानं दिला. रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी एका गाडीचा गिअरबॉक्स खाली उतरवला. क्लच प्लेट आली होती, प्रेशर प्लेट आली होती, रिलीज बेअरिंग निघालं दुसऱ्याच मॉडेलचं. दुसऱ्या दिवशी गेर, म्हणजे इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, राजवाड्याकडे रंगाचा पूर, बाजार बंद. आता गिअरबॉक्स उतरवलेली गाडी ढकलून बाजूला करता येत नाही. म्हणजे दोनातली एक लिफ्ट अडली, एका बेअरिंगपायी अर्धं गॅरेज बंद. त्या गृहस्थांना आईला ओंकारेश्वरला न्यायचं होतं. ते एका शब्दानं रागावले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं.

माझा धाकटा दीर पीथमपूरला ट्रकच्या कारखान्यात लाइनवर आहे. तो म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे सामान आधी येतं, मग गाडी पुढे सरकते. तुम्ही गाडी आधी चढवता आणि मग सामान शोधता." त्याच आठवड्यात भिंतीशी लोखंडी रॅक लावला. आता प्रत्येक जॉब कार्डाचा, म्हणजे गाडीचं काम लिहिलेल्या कार्डाचा, एक ट्रे असतो. क्लचच्या ट्रेत प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि इंजिनच्या क्रँकचं मागचं ऑइल सीलसुद्धा, कारण गिअरबॉक्स उतरल्यावर ते गळताना दिसलं तर पुन्हा दुकानाकडे धावायला नको. सील लागलं नाही तर परत जातं. गाडी आली की आधी खालीच नीट तपासायची, एस्टिमेट एकदाच द्यायचं, होकार घ्यायचा, ट्रे भरायचा. ट्रे भरला नाही तर लिफ्ट नाही. जमिनीवर खडूनं आठ चौकोन आखले. नववी गाडी आत घ्यायची नाही, तिला तारीख द्यायची.

सासऱ्यांना हे मुळीच पटलं नव्हतं. "दाराशी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं?" त्यांनी हे गॅरेज एका जॅकवर उभं केलंय, त्यांचं म्हणणं मी उडवून लावू शकत नव्हते. पहिल्या महिन्यात काही गिऱ्हाइकं गेलीही. पण आठ गाड्या आत आणि रोज चार बाहेर, म्हणजे दोन दिवसांत गाडी घरी, हे दिसल्यावर सासरेच लोकांना सांगू लागले, "बुधवारी आणा, शुक्रवारी न्या."

एक गोष्ट लोक विचारत नाहीत, पण मी सांगतेच: परत आलेली गाडी. तिच्या कामाचे पैसे मिळत नाहीत आणि लिफ्ट मात्र अडते. म्हणून चाकाचे नट आता अंदाजानं आवळत नाही. टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लागला ते कळतं अशा पान्यानं, आवळायचे आणि कार्डावर सही करायची. या पाच मिनिटांत कुणीही घाई केलेली मला चालत नाही.

कुणाला वही आणि रॅक बघायचा असेल तर जरूर या. फक्त अकराच्या पुढे या, नऊ ते अकरा मी ट्रे तपासत असते.