‘तो’चे ‘ते’ झाले त्या दिवशी

१३ ऑक्टोबर २०१६. साहित्याचं नोबेल आपल्याकडच्या साडेचारला जाहीर होणार, म्हणून चर्चेतले जपानी कादंबरीकार मुराकामी आणि केनियाचे लेखक न्गुगी यांचे परिचय मी आधीच लिहून ठेवले होते. त्यात १९९७ चे नोबेलविजेते नाटककार दारिओ फो गेल्याची बातमी आलेली. त्यांचा मृत्युलेख उरकतोय, तोच स्टॉकहोममध्ये स्वीडिश अकादमीच्या सचिव सारा डॅनियस यांनी नाव घेतलं : बॉब डिलन. अमेरिकन गायक-गीतकार!

डेस्कवर आधी हशा पिकला, मग धावपळ. "चारशे शब्द, सातच्या आत. त्याची प्रतिक्रिया चौकटीत लावू," वृत्तसंपादक म्हणाले.

१९४१ साली अमेरिकेतल्या डुलुथला जन्मलेला रॉबर्ट झिमरमन, म्हणजेच डिलन, १९६१ मध्ये न्यूयॉर्कला आला, पुढच्या वर्षी पहिली तबकडी निघाली. इथवर हात भरभर चालला. अडलं ते १९६५ च्या न्यूपोर्ट महोत्सवाशी. इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला म्हणून लोकसंगीताच्या श्रोत्यांनी हुर्यो उडवली, हे आपल्या वाचकाला पटवायचं कसं? शेजारचा सहकारी म्हणाला, "भजनात कुणी ड्रमसेट आणला असं समज." छापलं नाही, पण त्यानेच मला वाक्य सापडलं. १९६६ चा मोटारसायकल अपघात, पुढची भक्तिगीतं आणि १९८८ पासून जवळजवळ अखंड चाललेले दौरे मात्र तीन ओळींत कोंबले. १९६७ च्या तबकडीच्या वेष्टनावर त्याच्याबरोबर बंगालचे बाउल गायक पूर्णदास उभे आहेत, हे कळताच वृत्तसंपादक खूश : "हे वर घे!"

खरा वाद वेगळाच झाला. आमच्याकडे गायक, खेळाडू एकेरीत, साहित्यिक आदरार्थी. दुपारपर्यंत ‘तो’ असलेल्या डिलनचं काय करायचं? पन्नासेक वर्षं गाणाऱ्या माणसाला बक्षीस मिळाल्यावर ‘ते’ म्हणायचं, हे मला खटकत होतं. तरी मथळ्यापासून खालपर्यंत सगळी क्रियापदं बदलली.

प्रतिक्रिया रात्री उशिरापर्यंत आलीच नाही. चौकटीत फो यांचा फोटो वाढवून टाकला आणि पान सोडलं. दुसऱ्या दिवशी कळलं, त्या रात्री लास व्हेगासला डिलनचा कार्यक्रम झाला. नोबेलबद्दल गडी चकार शब्द बोलला नाही. डिसेंबरच्या सोहळ्यालाही गेला नाही. त्याच्या जागी गायिका पॅटी स्मिथ गायल्या. बक्षिसाच्या रकमेसाठी सहा महिन्यांत भाषण देणं बंधनकारक होतं. मुदत संपायला काही दिवस उरले असताना, २०१७ च्या जूनमध्ये, ते ध्वनिमुद्रित करून पाठवलं.

ती बातमीही माझ्याकडेच आली. क्रियापदं पुन्हा आदरार्थी केली.