कर्सरनं उठून जावं का?

इमॅक्स या कोड आणि मजकूर लिहायच्या एडिटरमध्ये कंट्रोल-एच आणि के दाबायचं, मग हवी ती कळ दाबायची. ती कळ काय करते ते एडिटर स्वतःच सांगतो. के ऐवजी एफ दाबलं की फंक्शनची माहिती, व्ही दाबलं की व्हेरिएबलची. १९७६ साली एमआयटीत जन्मलेल्या घराण्याचा हा एडिटर. विचारलं की सांगतो, याबद्दल तक्रार नाहीच. (जुन्या टर्मिनलांवर बॅकस्पेसची कळच कंट्रोल-एच पाठवायची. एक अक्षर खोडायला जावं, तर न विचारता मदत हजर!)

भांडण आहे ते पुढचं. माहिती शेजारच्या खिडकीत उघडते, पण कर्सर जिथं होता तिथंच बसून राहतो. खिडकी बंद करायला कंट्रोल-एक्स आणि ओ दाबून तिकडं जायचं, मग क्यू. माझं म्हणणं, कर्सरनं आपणहून तिकडं जावं.

मामेभावाला हे अजिबात पटत नाही. आम्ही दोघं सांगलीत कृष्णेच्या घाटावर भडंग खात बसलो की विषय इथंच येतो. "जायाचं कशाला लेका? कंट्रोल-एक्स एक दाब, गेली खिडकी. वाचायला खाली सरकायचंय? कंट्रोल-मेटा-व्ही, मेटा म्हंजे ऑल्टची कळ. जागचं हलायला लागत नाही." पण कंट्रोल-एक्स एकनं माझ्या बाकीच्याही खिडक्या जातात, त्याचं काय? शिवाय मदतीच्या खिडकीत दुवे असतात, अलीकडच्या आवृत्त्यांत नुसतं एस दाबलं की फंक्शनचा सोर्स कोड उघडतो. तिथं गेल्याशिवाय हे कसं जमणार? विम या दुसऱ्या एडिटरमध्ये हेल्प मागितली की कर्सर सरळ तिकडंच जातो, असंही मी एकदा म्हणून पाहिलं. "मग विमच वापर की!"

पत्ता विचारल्यावर मारुती चौकात कुणी हातानं दिशा दाखवतं, कुणी सरळ गाडीवर मागं बसून "चला, दावतो" म्हणतं. मामेभावाला पहिला माणूस आवडतो. त्याचा मुद्दा खोटा नाही: लिहिता लिहिता फंक्शनला कुठल्या क्रमानं काय द्यायचं एवढंच बघायचं असतं, बोटं चालू असतात, आणि कर्सर पळाला तर पुढची चार अक्षरं भलतीकडंच पडतात.

खरं तर हेल्प-विंडो-सिलेक्ट नावाचं व्हेरिएबल आहे. सेटिंगच्या फायलीत एक ओळ लिहिली की कर्सर उडी मारतो. मग वाद कशाला? तर ती ओळ कुणी लिहिलीच नाही, तर मुळात काय व्हावं याचा. ज्याला व्हेरिएबलचं नाव ठाऊक आहे त्याचं काहीच अडत नाही, आणि ज्याचं अडतं त्याला ते नाव ठाऊक नसतं. खिडकी बंद कशी करायची हे इमॅक्स दरवेळी पडद्याच्या तळाशी लिहून दाखवतो. इतक्या वर्षांनंतरही ते सांगावं लागतं, यातच माझ्या बाजूचा अर्धा पुरावा आहे. मामेभाऊ म्हणतो, सांगतोय ना, मग वाच की.

परवा त्याच्या लॅपटॉपवर काहीतरी बघत होतो. कंट्रोल-एच, एफ दाबलं आणि कर्सर टुणकन मदतीच्या खिडकीत. मी त्याच्याकडं बघितलं.

"पोराला शिकवाय लागलोय," तो म्हणाला, "त्याच्यासाठी ठेवलंय."